गाळातले कासव
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत गाळाचा विषय आमच्याकडे आहे, आणि तो आम्ही कासवापासून सुरू करणार आहोत. हसू नका. कापसाच्या भावावर बोलायला बाकीचे वक्ते आहेत.

देवळात महादेवासमोर दगडी कासव असते, त्याला आपण पाया पडतो. जिवंत कासव मात्र गावतळ्यात, नाल्याच्या डोहात, जुन्या विहिरीत असते. पाठ कठीण खवल्यांची नाही, वरून कातडी. फूटभर लांब. मान आत ओढली की मागच्या पायांवर पोटाकडून दोन झडपा मिटतात, म्हणून शास्त्रज्ञ याला झडपेचे कासव म्हणतात. शेवाळ, पाणवनस्पती, किडे, बेडूक, मासे, मेलेली जनावरे, सगळे खाते. गोगलगायीही खाते. आपल्या गुराढोरांना होणाऱ्या लिव्हर फ्ल्यूकचा जंत पाण्यातल्या गोगलगायीतच वाढतो. कासव असले म्हणजे रोग गेला, असे आम्ही म्हणत नाही. पण फुकट राबणारा गडी कोण हाकलतो?

आता मुद्द्याचे. तळे आटले की हे कासव पळून जातेच असे नाही. ते ओल्या गाळात स्वतःला पुरून घेते. खाणे बंद, हालचाल बंद, श्वास मंद. कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, तसेच पडून राहते आणि पाऊस आला की वर येते. आपल्या ज्वारीचे असेच नाही का? पावसाने ओढ दिली की पाने गुंडाळते, वाढ थांबवते, पाणी मिळाले की पुन्हा उठते. कोरडवाहूत टिकायची ही रीत आहे. अंड्यांचेही तेच. मादी जमिनीत खड्डा करून दोनपासून चौदापर्यंत गोल अंडी घालते, आणि पिल्ले बाहेर यायला साधारण नऊ महिने लागतात.

आणि आपण गाळ कधी उपसतो? एप्रिल-मे महिन्यात! 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. योजना चांगली आहे, गाळाने हलकी जमीन सुधारते, हे आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणून सांगतो. पण मशीनचे भाडे तासावर असते, ड्रायव्हर खाली बघत नाही. बकेटमध्ये कासव येते, ट्रॉलीत पडते आणि शेतात गाळाबरोबर उन्हात वाळते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर पुरून घ्यायला गाळच नाही. फवारणीचा पंप नाल्यात धुतला की उरलेल्या डोहातही विष. 2017 साली यवतमाळात फवारणीने माणसे मेली, तिथे कासवाचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. औषध तेच आहे, पाणीही तेच आहे.

आणखी एक. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणून गावोगाव दलाल फिरतात. या कासवाच्या प्रत्येक पायाला नखे तीन, एकूण बारा. मोजून बघा आणि दलालाला हाकला. 2017 च्या जानेवारीत उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात अशी सहा हजारांवर कासवे एका छाप्यात सापडली. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. पकडणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षे. दलाल निसटतो, सातबारावाला सापडतो.

म्हणून ग्रामसभेत गाळाचा ठराव होईल तेव्हा त्यातच लिहून घ्या: सर्वांत खोल, ओला कोपरा मशीनने उकरायचा नाही. एक माणूस बकेटपुढे उभा राहील. त्याची मजुरी हिशेबात धरा, नाहीतर कोणी उभे राहणार नाही. कासव निघाले तर त्याच कोपऱ्यात सोडा आणि वनरक्षकाला कळवा. पंप धुवायचे पाणी पडीक बांधावर, विहिरीपासून लांब ओता. ठरावाचा कच्चा मसुदा टेबलावर ठेवला आहे, प्रत्येक गावाने जाताना एक प्रत न्यावी.