गाव ‘आहे’ की ‘होतं’?

मुळशीच्या शाळांत कथालेखनावर बोलायला गेलो, की क्रियापदाच्या काळाचा विषय मी धरणापासून काढतो. मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनीनं इथं मुळा नदी अडवली. सेनापती बापटांचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, तो सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला. तरीही धरण झालंच, आणि गावं पाण्याखाली गेली.

मुलांच्या गोष्टींत एक वाक्य हमखास येतं: ‘आमचं गाव धरणात आहे.’ शिक्षक तिथं ‘होतं’ करतात. माझं म्हणणं, आधी बघा, बोलतंय कोण? आजीच्या तोंडी ‘आहे’ बरोबरच. निवेदकाला मात्र ‘होतं’ म्हणावं लागेल.

गोष्ट पुढं नेतो साधा भूतकाळ: पाणी चढलं, माणसं निघाली, गुरं हाकली. त्याच्याही आधीचं सांगायचं तर ‘धान्य आदल्या दिवशीच हलवलं होतं’. एवढ्यापुरताच तो ‘होतं’. नवे लेखक ‘आला होता, बसला होता, म्हणाला होता’ असं लिहीत सुटतात. वाचक बिचारा मुख्य घटनेची वाट बघत राहतो!

माझा लाडका आहे रीतिभूतकाळ. ‘आजोबा खाचरात भात लावत असत.’ बोलीत ‘लावायचे’. एका क्रियापदात कितीतरी पावसाळे मावतात. बुडालेल्या गावाची कथा इथंच उभी राहते, असं मला वाटतं. भात लावायचे, जत्रेला जायचे, लग्नं व्हायची, अशा चार ओळी. आणि मग एकच, ‘पाणी आलं’. रोजच्या जगण्यावर एकदाच घडलेलं आदळतं. या दोन रूपांची अदलाबदल केली, ‘आजोबांनी दरवर्षी भात लावला’च्या चालीवर ‘दरवर्षी जत्रेला गेले’ लिहिलं, की ती सगळी वर्षं एका दिवसाएवढी होतात.

इतिहास सांगताना ‘सत्याग्रही जमतात’ असा वर्तमानकाळही चालतो. फक्त पुढच्याच ओळीत विनाकारण ‘पोलिसांनी पकडलं’ नको.

संवादाला मात्र हे नियम लावू नयेत. एका मुलीच्या कथेत पणजी घर कायमचं सोडताना उंबऱ्याला हात लावते आणि म्हणते, ‘येते हं.’ व्याकरणानं हा वर्तमानकाळ. वर्गातल्या एकानं विचारलं, ‘गाव बुडणार, मग येणार कुठं?’ मुलगी खोडायला निघाली. मी तिला ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं.