सेवेसाठी परदेशी निघण्यापूर्वी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. उभे आयुष्य पेढीच्या गादीवर गेले. व्यासपीठावर उभे राहण्याचा सराव नाही. तरीही विश्वस्तांनी आग्रह केला, त्याला कारण घडले ते आपल्या युवक मंडळाचा प्रस्ताव. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून दहा युवकांनी दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस नेपाळला जावे, तेथील डोंगराळ भागातील शाळेत संगणक आणि मोबाईलच्या व्यवहारांचे शिक्षण द्यावे आणि त्यातून दोन देशांतील समाजांचे नाते जोडावे, असा तो प्रस्ताव आहे. कल्पना उदात्त आहे. तिला विरोध करण्यासाठी मी उभा नाही. परंतु माल उत्तम असला तरी गज लावल्याशिवाय तो कापू नये, ही आमच्या धंद्याची शिस्त आहे. तो गज लावण्याचे काम आज मजकडे आले आहे.

सेवेसाठी परदेशी जाण्याची परंपरा आपल्या सोलापूरला नवी नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली याच शहरात झाला. त्यांच्या राहत्या घराचे आज स्मारक झाले आहे. आपल्यापैकी अनेकजण त्यावरून रोज जात असतील. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा तेथील सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक निवडले आणि १९३८ च्या सप्टेंबरमध्ये ते निघाले. येथे क्रम लक्षात घ्यावा. आधी पत्र आले, मग पथक निघाले. कालांतराने इतर सहकारी परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. प्रत्येकाने कोटणीस व्हावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मात्र बोलावणे, भाषा आणि मुक्काम या तीन गोष्टी त्यांच्या चरित्रातून आपल्या प्रस्तावाला लावून पाहता येतात.

आता प्रत्यक्ष नेपाळकडे वळतो. प्रस्ताव हाती आल्यावर मी त्या देशातील या विषयाची माहिती मिळवून वाचली आणि त्यात नांगी या गावाची हकीकत मला सर्वांत बोधप्रद वाटली.

पश्चिम नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर नांगी वसले आहे. वस्ती प्रामुख्याने मगर समाजाची. त्या काळी सर्वांत जवळच्या मोटाररस्त्यापासून गावात पोहोचायला सात तासांची खडी चढण चढावी लागे. याच गावचे महावीर पुन (नाव ऐकून आपल्या मंडळींचे कान टवकारले असतील, पण ते आपल्यापैकी नव्हेत) प्रथम शिक्षक होते. पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील नेब्रास्का येथे शिकून १९९२ साली ते गावी परतले आणि तेथील हिमांचल विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी स्वतःला वाहून घेतले.

१९९७ साली या शाळेला ऑस्ट्रेलियातून जुने संगणक भेट मिळाले. गावात वीज नव्हती. मग जवळच्या ओढ्यावर लहान जलविद्युत जनित्र बसवण्यात आले. संगणक पुरेनात, तेव्हा पुन यांनी जुने सुटे भाग जमवून नवे संगणक जुळवले आणि त्यांना लाकडी पेट्यांची आवरणे केली. इथपर्यंतचे काम बहुतांशी गावाच्या बुद्धीने आणि हाताने झाले. अडले ते दूरध्वनीपाशी. तारा गावापर्यंत येण्याची शक्यता नव्हती आणि ई-मेल पाहायचा तरी पोखरा शहर गाठावे लागे.

२००१ साली त्यांनी बीबीसीकडे आपली अडचण लिहून कळवली. ती प्रसिद्ध होताच जगातून सल्ले आले की, तारेचा नाद सोडा, बिनतारी यंत्रणा वापरा. त्यापाठोपाठ युरोप आणि अमेरिकेतून काही स्वयंसेवक स्वतः आले. नांगी आणि शेजारच्या रामचे या गावांत त्यांनी पहिला बिनतारी दुवा जोडून दाखवला. त्यासाठी दूरदर्शनच्या तबकडीच्या अँटेना वापरल्या आणि त्या उंच झाडांवर बांधल्या. या प्रकारच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की दुवा तुटतो. म्हणून दोन्ही टोके दिसतील अशा कड्यावर मधले केंद्र उभारावे लागते. अशी केंद्रे डोंगरमाथ्यांवर उभी राहिली, पोखऱ्याशी दुवा जुळला आणि २००३ साली नांगी इंटरनेटवर आले. हा काळ नेपाळमधील सशस्त्र संघर्षाचा होता, हेही विसरता कामा नये. १९९६ साली सुरू झालेला तो संघर्ष २००६ च्या शांतता करारापर्यंत चालला.

पुढे हे जाळे आसपासच्या गावांत पसरले. आरोग्यसेविका पोखऱ्याच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागल्या. जेथे शिक्षक नाही तेथे दुसऱ्या गावचा शिक्षक पडद्यावरून शिकवू लागला. याक पाळणारे गुराखी आपल्या घरच्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलू लागले. म्हशी, मध, मुरंबे यांचे सौदे होऊ लागले. शेवटचे वाचून माझ्यातल्या व्यापाऱ्याला विशेष आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. २००७ साली पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या हकीकतीत परदेशी स्वयंसेवकांचा वाटा किती? थोड्या दिवसांचा, परंतु अचूक जागेचा. गावाने प्रश्न स्वतः मांडला होता, त्याच्या उत्तराचे निम्मे सामान स्वतः जमवले होते. अडलेला एकच सांधा पाहुण्यांनी जुळवून दिला. पाहुणे परतल्यावरही यंत्रणा चालत राहिली, कारण ती हाताळणारे लोक गावचेच होते. याउलट पाहुण्यांनी प्रश्नही आपल्या घरून आणला असता तर काय झाले असते, हे सांगायला नेपाळला जाण्याची गरज नाही. ते मी आपल्याच जिल्ह्यात पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही व्यापाऱ्यांनी मिळून आपापल्या दुकानांतील जुने संगणक एका ग्रामीण शाळेला दिले होते. समारंभ थाटात झाला. धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून मी पडद्याच्या जाड कापडाची आवरणेही शिवून दिली होती. दोन वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी त्या शाळेत जाण्याचा योग आला. संगणक जागच्या जागी होते आणि आवरणेही. कापड पाहण्याची नजर असल्याने मला लगेच कळले की, शिवताना पडलेल्या इस्त्रीच्या घड्या तशाच होत्या. आवरण एकदाही निघाले नव्हते. गुरुजी संकोचाने म्हणाले, “शेठजी, बिघडला तर दुरुस्ती कोण करणार? म्हणून मुलांना हात लावू देत नाही.” चूक त्या गुरुजींची नव्हती. तुम्हाला काय हवे, असे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते, आणि बिघाड दुरुस्त करायला कोणी शिकवलेही नव्हते. त्या समारंभाचे छायाचित्र माझ्या पेढीत कितीतरी वर्षे टांगलेले होते. त्या दिवशी परतल्यावर मी ते उतरवले.

यापेक्षा गंभीर बाब नेपाळमध्येच घडलेली आहे. अनाथाश्रमांत काही आठवडे सेवा करण्यासाठी परदेशी तरुण पैसे भरून येऊ लागले, तेव्हा त्यातून एक बाजार उभा राहिला. आईवडील हयात असलेली मुले शिक्षणाच्या आमिषाने खेड्यांतून आणून अनाथ म्हणून ठेवली गेली. युनिसेफने अशा स्वयंसेवेविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. जेथे सेवेला मागणी असते तेथे पुरवठा करणारा दलालही असतो. येणाऱ्या तरुणांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी चौकशी केली नव्हती, इतकेच. आपण ज्या शाळेत जाऊ ती कोण चालवते, मुले कोठून येतात, आपले पैसे कोणाच्या हाती जातात, ही चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे. आपण उधारीवर माल देतानाही पेढीची चौकशी करतो.

आता गज लावतो. प्रस्तावात पंधरा दिवस आहेत. सोलापूरहून गोरखपूर, तेथून सुनौलीची सीमा, पुढे बसने पोखरा आणि मग डोंगर. जाण्याचे चार दिवस धरले, येण्याचे चार, उरले सात. त्यातील एक दिवस स्वागताचा आणि एक निरोपाचा. पाच दिवसांत दहाजण काय शिकवणार? शिवाय आपला मुहूर्त दिवाळीचा आहे. तेथे दसऱ्याला दशैं आणि दिवाळीला तिहार म्हणतात. वर्षातील सर्वांत मोठे सण तेच आणि शाळांना सुट्ट्याही त्याच. आपले दहा शिक्षक गावी पोहोचतील आणि शाळेला कुलूप असेल. युवक मित्रांनी रागावू नये. मी हे केवळ पंचांग पाहून सांगतो आहे.

दुसरे असे की, आज नेपाळच्या डोंगरांतही मोबाईल पोहोचला आहे. २००१ सालचा तारेचा प्रश्न आता बहुतेक ठिकाणी तसा राहिलेला नाही. मार्च २०२४ पासून तेथील दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देण्याची सोयही सुरू झाली. आजची उणीव निराळी आहे. यंत्र हाती आहे, पण वापरणाऱ्याला भीती वाटते. फसवणुकीचा फोन ओळखता येत नाही. सरकारी अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. हे दुःख मला परके नाही. मी फोनवर काही शोधू लागलो की माझी नात “आजोबा, द्या इकडे” म्हणून तो हातातून घेते आणि क्षणात काम करून परत देते. काम होते, पण मी होतो तेथेच राहतो. डोंगरावर जाऊन आपले युवक नातीची ही घाईच करणार असतील तर तिकिटांचा खर्च व्यर्थ आहे.

आपल्यापाशी एक अनुकूलता मात्र खरी आहे, जी युरोपातून आलेल्या स्वयंसेवकांपाशी नव्हती. नेपाळी भाषेची लिपी देवनागरी आहे. संगणकावर देवनागरी कशी लिहावी हे ज्या मुलाला मराठीसाठी येते, त्याला ते नेपाळी मुलाला शिकवता येईल, आणि त्याच्याकडून तो नेपाळी शिकेल. भागीदारीचा आरंभ अशा देवघेवीतून व्हावा, असे मला वाटते.

प्रवास नेहमी शिकवणाऱ्यानेच करावा, असेही नाही. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिकेच्या खेड्यांतील कित्येक निरक्षर स्त्रिया, त्यांपैकी अनेक आजीच्या वयाच्या, भारत सरकारच्या साहाय्याने सहा महिने येऊन राहिल्या. समान भाषा नव्हती. खुणांवरून आणि रंगांवरून सौरदिव्यांची जोडणी त्या शिकल्या आणि परत जाऊन आपल्या गावात दिवे लावू लागल्या. सहा महिने, पंधरा दिवस नव्हेत. आपल्या साधूंनाही चातुर्मासात चार महिने एका गावी स्थिर राहावे लागते, आणि गावाशी त्यांचा खरा परिचय त्या चार महिन्यांतच होतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. यंदा दहाजणांनी जाऊ नये. प्रथम एका शाळेशी पत्रव्यवहार करावा आणि त्यांना काय हवे ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्यावे. काहीच नको असे उत्तर आले तर तेही मानावे. उत्तर अनुकूल आले तर त्या शाळेतील एक-दोन शिक्षकांना आपल्या खर्चाने येथे बोलवावे. त्यांची व्यवस्था आपल्या घरोघरी करावी, धर्मशाळेत नव्हे. ते येथे दुरुस्ती शिकतील आणि आपली मुले त्यांच्याकडून नेपाळी. त्यानंतर आपल्यापैकी दोघांनी, शाळा चालू असताना, किमान तीन महिन्यांसाठी जावे. उरलेल्या आठजणांनी येथूनच दर आठवड्याला पडद्यावरून वर्ग घ्यावेत. संयुक्त राष्ट्रांनी २००० सालापासून घरबसल्या स्वयंसेवेची सोय केलेली आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. ते दोघे परतल्यावर सहा महिन्यांनी शाळेला पुन्हा पत्र लिहून, किती यंत्रे चालू आहेत आणि बंद पडलेली कोणी दुरुस्त केली, एवढेच विचारावे. ते उत्तर, जसे येईल तसे, ट्रस्टच्या वार्षिक अहवालात छापावे.

तीन महिने कोण रिकामा असतो, असा आक्षेप काल एका युवकाने माझ्याकडे बोलून दाखवला. आक्षेप रास्त आहे. नोकरी, परीक्षा, संसार कोणाला सुटले आहेत? म्हणून मी दहा म्हणत नाही, दोघे म्हणतो. पन्नास वर्षांत या ट्रस्टने उभी केलेली माणसे पाहता दोघे मिळणार नाहीत असे मला वाटत नाही. त्या दोघांचा जाण्यायेण्याचा आणि तीन महिन्यांच्या राहण्याचा खर्च माझ्या पेढीकडून दिला जाईल, हे विश्वस्तांनी आजच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. निरोप समारंभाचा फलक मात्र माझ्याकडे मागू नये. त्या आवरणांनंतर मी तसले कापड देणे बंद केले आहे.