वाजणारी चौकट आणि मावशींची जोडवी



गेल्या वर्षी आमचा बचत गट देवदर्शनाला गेला होता. मंदिराच्या दारात धातू शोधणारी चौकट असते ना, मेटल डिटेक्टर, तिच्यातून आमच्या एक मावशी गेल्या आणि ती वाजली. तपासणीच्या बाईंनी रांगेतच त्यांना जोडवी काढायला लावली. मग मंगळसूत्र, मग अंबाड्याचे आकडे. तरी ती वाजतच राहिली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांपूर्वी पडल्या तेव्हा मांडीत सळई घातलीय, हे त्या घाईत कुणाला सुचलंच नाही. दर्शन झालं, पण परतीच्या गाडीत कुणी गाणं म्हटलं नाही.

तेव्हापासून ही चौकट माझ्या डोक्यात बसली. बसवणाऱ्या एका मिस्त्रींना गाठून मी ती समजून घेतली.

तिच्या दोन्ही खांबांत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बघतो तशी. एका खांबातल्या वेटोळ्यांत विजेचे भराभर ठोके सोडतात. त्यानं मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. अंगावर धातू असला की त्या धातूत बारीकशी वीज फिरते, आणि समोरच्या खांबातल्या वेटोळ्यांना तिची चाहूल लागते. काचेच्या बांगड्यांतून वीज वाहत नाही, म्हणून त्या वाजत नाहीत. आणि हा एक्स-रे नव्हे हं! एक्स-रे असतो तो पिशव्यांच्या पट्ट्यावरच्या यंत्रात. पोटुशीनं चौकटीला भ्यायचं कारण नाही.

जुन्या साध्या चौकटीत अख्ख्या अंगाचं मोजमाप एकत्रच व्हायचं. पायातली जोडवी, कमरेची किल्ली, डोक्यातला आकडा यांची बेरीज होऊन जणू सुरीच सापडली असं यंत्राला वाटायचं. आता वेटोळी एकावर एक रचतात, जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखी. 6, 18, 33 असे कप्पे असतात. प्रत्येक कप्पा आपल्यापुरतं मोजतो आणि तेवढ्याच उंचीवरचा दिवा लावतो. कुठला कप्पा किती तिखट ठेवायचा, तेही ठरवता येतं. सगळ्यात खालचा कप्पा मात्र बनवणाऱ्यांना छळतो, कारण फरशीखालच्या काँक्रीटमध्ये लोखंडी गज असतात. शेजारी लोखंडी फाटक हललं तरी चौकट उगाच वाजू शकते.

म्हणजे बघा, दिवा मांडीपाशी लागला तर हातातलं यंत्र मांडीवरूनच फिरवायचं. जोडव्यांना हात लावायचं कामच नव्हतं! दिवा त्या दिवशीही लागला असणार. बघितला कुणी नाही.

तेव्हा "ताई, दिवा कुठे लागला?" असं खुशाल विचारा. आडोशाला तपासा म्हणा. पोलिसांनी बाईची झडती घ्यायची तर ती बाईनंच, मर्यादा राखून घ्यायची, असं कायद्यात लिहिलंय.

एक जपा. कुणाला पेसमेकर असेल तर आधी सांगा, कार्ड दाखवा. चौकटीत रेंगाळू नका आणि हातातलं यंत्र छातीवर धरू देऊ नका.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघतोय. मावशी आधी नको म्हणत होत्या, आता येते म्हणाल्यात. त्यांच्या ऑपरेशनचा कागद मी माझ्याच पिशवीत ठेवलाय.