औषधपाण्याचा खर्च कोणी सोसावा?

निपाणीचे नाव तंबाखूच्या पेठेमुळे दूरवर परिचित झाले आहे. या पेठेच्या आधाराने परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालला आणि त्यांतील स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांची हयात वखारीत किंवा घरच्या सोप्यात तंबाखूच्या सान्निध्यातच गेली. टेंभुर्णीची पाने भिजवावीत, कात्रीने बेतावीत, त्यांत जर्दा भरून विडी वळावी व दोऱ्याने बांधावी, हा त्या घरांतील नित्यक्रम होय. मांडीवर सूप घेऊन वाकून बसल्यावाचून हे काम होत नाही आणि त्याची मजुरी दिवसावर नव्हे, तर हजारी ठरते.

या कामातून उद्भवणारी दुखणी एकाएकी येणारी नसतात. खोकला, धाप, मानेचे व पाठीचे दुखणे, डोळ्यांचा ताण ही हळूहळू अंगात मुरतात. जोडीला रक्तक्षय असतो, आणि वय वाढले म्हणजे रक्तदाब व मधुमेहही येतो. यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियागृहाची गरज नसते. वेळीच तपासणी व्हावी, गोळ्या नियमित मिळाव्यात आणि कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारपूस करावी, एवढेच त्यांना पुरेसे असते. प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात ती हीच. परंतु दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईचा अर्धा दिवस दवाखान्याच्या रांगेत गेला, तर पाचशे विड्यांची मजुरी बुडते. औषध फुकट मिळाले तरी ही किंमत तिला मोजावीच लागते. म्हणून ती आजचे दुखणे उद्यावर ढकलते, नाही तर संध्याकाळी जवळच्या खाजगी डॉक्टरकडे पैसे मोजून एक सुई टोचून घेते.

सरकारी आरोग्यव्यवस्थेचा आराखडा काही नवा नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्यकेंद्रांची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूहविकास कार्यक्रमाबरोबर ती केंद्रे खेड्यांत उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक केंद्र व ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असे प्रमाण पुढे ठरले. इमारत प्रमाणानुसार उभी राहिली, तरी केंद्राच्या वेळा कोणाच्या सोयीच्या, हा प्रश्न उरतोच. सकाळचे तास म्हणजे ऐन कामाचे तास. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव आशा सेविका आल्या व दवाखाना उंबऱ्यापर्यंत पोचण्याची सोय झाली, हे खरे. परंतु त्या सेविकेलाही नियमित वेतन नाही. तिला मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. दारात आलेली सेविका आणि सोप्यात बसलेली विडी कामगार, दोघींचीही मिळकत अशी कामाच्या मोजणीवर अवलंबून असते.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. रुग्णांच्या वाटा मात्र बदलल्या नाहीत. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरांवर, तर बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेल्या मिशन इस्पितळाची ख्याती या मुलखात फार जुनी. दुखणे जड झाले की माणसे आजही कोल्हापूर-मिरजेकडे पाहतात. सरकारी सवलत मात्र रहिवासाच्या कागदावर चालते आणि तो कागद राज्याच्या हद्दीवर अडतो. वृद्ध मराठी बाईला कन्नडमधील कागद वाचता येत नाही, तेव्हा गोळी दिवसातून किती वेळा घ्यावयाची, हेही शेजारच्या शाळकरी मुलाकडून समजून घ्यावे लागते.

खर्चाची सोय करण्याचा एक शहाणपणाचा प्रयत्न या देशात झाला होता. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगारांच्या कल्याणनिधीसाठी व त्याकरिता उपकर बसविण्यासाठी दोन कायदे केले. तयार विड्यांवर हजारी उपकर घ्यावयाचा आणि त्यातून दवाखाने, औषधोपचार व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा खर्च भागवावयाचा, अशी ही योजना होती. ज्या धंद्यातून दुखणे निर्माण होते त्याच धंद्याने औषधाचा खर्च द्यावा, हे तिचे तत्त्व साधे व न्याय्य होते. अंमलबजावणीत दोष होते. लाभासाठी ओळखपत्र लागे आणि मालक व कामगार यांच्यामध्ये कंत्राटदार असल्याने घरी विड्या वळणाऱ्या कित्येक बायका मालकाच्या नोंदवहीत नसतच. तथापि, निधीचा उगम निश्चित होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हा उपकर रद्द झाला. कल्याणाच्या योजना त्यामुळे लगेच संपल्या नाहीत. परंतु पूर्वी जे विडीमागे हक्काने जमा होत असे, ते आता दरवर्षी अर्थसंकल्पातून मागावे लागते.

याच काळात विमा योजनांचा विस्तार झाला. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी २००३ मध्ये दरमहा ५ रुपये वर्गणीची यशस्विनी योजना सुरू झाली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आली. तिच्यात गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले आणि कर्नाटक सरकारने त्यास विरोध केला. या वादात कोणाची बाजू खरी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. या योजनांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. हृदयाची शस्त्रक्रिया झाली तर त्यांचा आधार मोठा. परंतु महिन्याकाठच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाजारातून घ्याव्या लागल्या, तर ते पैसे कार्डावर मिळत नाहीत. दोन सरकारांची दोन कार्डे हाती आली, तरी रोजचा खोकला त्या बाईच्या पदरीच राहतो.

देशाच्या आरोग्यखर्चात रुग्णांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्यलेखे सांगतात. ही प्रगती लहान नव्हे. तरीही शंभरांतले एकोणचाळीस रुपये अजून रुग्णाच्या घरातूनच जातात. सरकारी आरोग्यखर्चाचा दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर व्हावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले, ते याच कारणाने.

निपाणीच्या परिसरात या धोरणाला अर्थ यावयाचा तर फार मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. आरोग्यकेंद्र संध्याकाळी दोन तास उघडे असावे. जुनाट दुखण्याची औषधे एका फेरीत महिन्याभराची मिळावीत. औषधाची चिठ्ठी कन्नडबरोबर मराठीतही लिहिली जावी. विडीवरील कराचा एक निश्चित वाटा कामगारांच्या आरोग्यासाठी पुन्हा राखून ठेवावा. दोन्ही राज्यांनी एकमेकांची कार्डे आपापल्या इस्पितळांत मान्य करून हिशेब मागाहून आपसांत मिटवावा. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल यथाकाल लागेल. सोप्यात सुपापुढे बसलेल्या बाईचा खोकला मात्र तोपर्यंत थांबणारा नाही, आणि तिच्या औषधपाण्याची व्यवस्था करण्यासाठी सीमारेषेचा निवाडा व्हावयास हवा असेही नाही.