डोकी नाही, शेअर मोजतात



तुम्ही म्हणाल, गोदीतल्या हमालाला शेअर बाजाराचं काय पडलंय? पडलंय. आपल्या चाळीतला रिटायर झालेला म्हातारा ग्रॅच्युइटीतले चार पैसे शेअरात घालतो. मोबाईलवर डिमॅट खातं उघडलेली पोरं माझ्या टोळीतही आहेत. त्यांना सांगितलं जातं, तुम्ही आता कंपनीचे मालक! हा ‘मालक’ शब्द आज आपण जरा सोलून बघू.

निवडणुकीत एका माणसाला एक मत. कंपनीत एका शेअरला एक मत. सगळी गोम इथंच आहे. ज्याच्याकडे शंभर शेअर त्याची शंभर मतं, ज्याच्याकडे कोटी त्याची कोटी. तिथं माणूस मोजलाच जात नाही, भांडवल मोजलं जातं.

हवेत बोलत नाही. आयसीआयसीआय सिक्युरिटीज ही कंपनी घ्या. २०१८ मध्ये तिचे शेअर लोकांना ५२० रुपयांनी विकले गेले. जवळपास ७५ टक्के शेअर आयसीआयसीआय बँकेकडेच राहिले. जून २०२३ मध्ये ठरलं, कंपनी बाजारातून काढायची आणि शंभर टक्के बँकेची करायची. लोकांना त्यांच्या १०० शेअरच्या बदल्यात बँकेचे ६७.

बाजारातून कंपनी काढायची एक जुनी पद्धत आहे. तीत बाहेरचे भागधारक आपापला भाव मागतात आणि मालकाला ९० टक्क्यांपर्यंत पोचावं लागतं. इथं उपकंपनीसाठी ठेवलेला दुसरा दरवाजा उघडला. बाहेरच्या भागधारकांची ‘हो’ मतं ‘नाही’च्या दुप्पट झाली, की काम फत्ते.

मार्च २०२४ मध्ये मतदान झालं. बाहेरच्यांची सुमारे ७२ टक्के मतं बाजूनं पडली. म्हणजे लोकांनी मान्य केलं? थांबा. हे ‘बाहेरचे’ कोण? त्यांत मोठमोठे फंड आणि संस्थाही आल्या. संस्था बाजूला काढल्या तर उरलेल्यांची सुमारे दोन-तृतीयांश मतं विरोधात होती. लहान माणूस ‘नाही’ म्हणाला. मोठ्यांच्या ‘हो’खाली ते ‘नाही’ चिरडलं गेलं.

मतदानाआधी बँकेकडून भागधारकांना फोनवर फोन गेले. त्याबद्दल सेबीनं जून २०२४ मध्ये बँकेला इशारा दिला. इशारा फायलीत राहिला, मतदान कायम राहिलं.

काहीजण कंपनी न्यायाधिकरणात गेले. त्यांचं म्हणणं होतं, भाव कमी दिलाय. कायदा म्हणतो, अशा योजनेला हरकत घ्यायची तर १० टक्के शेअर पाहिजेत. हरकत घेणाऱ्यांत एक म्युच्युअल फंडसुद्धा होता, तरी कुणाकडे एक टक्काही नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये योजना मंजूर झाली. अपील मार्च २०२५ मध्ये फेटाळलं गेलं आणि त्याच महिन्यात शेअर बाजारातून गेला. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या खात्यातले शेअरही बदलले. त्याची सही कुणी मागितली नाही.

६७ चा हिशेब बरोबर होता की चूक, यावर मी भांडत नाही. माझा सवाल वेगळा आहे. माझी वस्तू, पण ती कधी द्यायची, केवढ्याला द्यायची, हे दुसरा ठरवणार असेल तर मी मालक कसला? ज्याच्याकडे १० टक्के आहेत तो लहान कसला? आणि जो लहान आहे त्यानं दाद मागायची कुठं?

मग शेअर घेऊच नयेत? तसं मी म्हणत नाही. पण घेण्याआधी बघा, एकट्या हातात किती टक्के आहेत. पाऊण कंपनी एकाच घरात असेल तर आपण तिथं भाडेकरू आहोत, हे धरून चाला. मतदानाची नोटीस आली तर न वाचता पुसून टाकू नका. फोन करणाऱ्याच्या सांगण्यावर मत देऊ नका.

आणि एक कलम पाठ करा. कंपनी कायदा २०१३, कलम २४५. शंभर सभासद एकत्र आले तर सामूहिक दावा दाखल करता येतो. दावा जिंकूच, याची हमी नाही. पण तिथं निदान डोकी मोजतात.

गोदीत एकट्यानं पाठ लावली तर क्रेट हलत नाही. टोळीनं लावली तर हलतं. एवढं कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.