दुखेपर्यंत चाला



१८३१ साली पॅरिसमध्ये बुले नावाच्या पशुवैद्यांनी बग्गीच्या एका घोडीची हकिगत लिहून ठेवली. घोडी थोडं अंतर नीट धावायची, मग मागच्या पायांनी लंगडायला लागायची. थांबवून जरा विसावा दिला की पुन्हा ठीक. ती मेल्यावर पाहिलं, तर मांडीच्या रोहिण्या गुठळ्यांनी बुजलेल्या होत्या. सत्तावीस वर्षांनी त्याच शहरात शार्को नावाच्या डॉक्टरांनी हेच दुखणं माणसात ओळखलं.

आपल्याकडे हा माणूस मंडईच्या वाटेवर भेटतो. शंभर-दोनशे पावलं गेला की पोटरीत गोळा येतो. मग तो उगाचच एखाद्या दुकानासमोर पाटी वाचत उभा राहतो. दोन-चार मिनिटांत पाय मोकळा होतो, तो पुढे निघतो आणि साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबतो. नुसतं उभं राहून दुखणं जातं, ही खूण लक्षात ठेवा. मणक्यातली नस दबली असेल तर बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा हा तर तिसराच आजार. आपण मात्र तिन्हींना ‘नसांचा त्रास’ म्हणतो आणि तेल चोळत बसतो.

तपासणी अगदी साधी आहे. दंडाला बांधतात तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा, डॉपलरच्या छोट्या यंत्राने नाडीचा आवाज ऐकायचा आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं. उत्तर ०.९० किंवा त्याखाली आलं, तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात. मधुमेहात रोहिण्या कडक होतात आणि हा आकडा फसवा चांगला दिसू शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब पाहावा लागतो.

आता उपचार. दुखतं म्हणून घरी बसणं हा सगळ्यात वाईट सल्ला, आणि तो घरोघरी प्रेमाने दिला जातो. खरा व्यायाम असा: ज्या वेगाने तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखू लागेल त्या वेगाने चालायचं. दुखायला लागल्याबरोबर थांबायचं नाही. दुखणं मध्यम होईपर्यंत, म्हणजे ‘आता बास’ वाटेपर्यंत रेटायचं. मग थांबायचं, पाय पूर्ण शांत होऊ द्यायचा, पुन्हा निघायचं. विसाव्यासकट तीस ते पन्नास मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान बारा आठवडे. सलग आठ-दहा मिनिटं चालता येऊ लागलं की वेग किंवा चढ वाढवायचा. पहिले काही आठवडे फरक जाणवत नाही, आणि बहुतेक माणसं तिथेच सोडतात. म्हणून कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेला व्यायाम अधिक लागू पडतो.

गंमत अशी की यामुळे बंद रोहिणी उघडत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यात व्यायाम करणाऱ्यांचं न दुखता चालण्याचं अंतर सरासरी ८२ मीटरने आणि एकूण अंतर १२० मीटरने वाढलेलं दिसलं. घोट्याचा दाब मात्र जवळजवळ होता तिथेच. म्हणजे स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूत काम भागवायला शिकतो आणि रोहिणीचं अस्तर सुधारतं. ८२ मीटर तुम्हाला किरकोळ वाटतील. घरापासून रिक्षा स्टँडपर्यंत न थांबता जाऊ न शकणाऱ्याला विचारा! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘क्लेव्हर’ चाचणीत, पोटाखालच्या मोठ्या रोहिणीत अडथळा असलेल्यांमध्ये सहा महिन्यांनंतर देखरेखीखालच्या व्यायामाने चालण्याची क्षमता स्टेंटपेक्षाही जास्त वाढली. आपल्याला कसं वाटतं, हे विचारल्यावर स्टेंटवाले अधिक खूश होते, हेही सांगायला हवं.

चालायचं आणि विडी ओढायची, हे जमणार नाही. तंबाखूमुळे रोहिण्या बुजणाऱ्या ब्युर्गरच्या आजारात तर ऐन तिशी-चाळिशीतले विडी ओढणारे पुरुष बोटं आणि पाय गमावतात. तिथे तंबाखू पूर्ण बंद करणं हाच मुख्य उपचार. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर चालणं सुरू झालं म्हणून ती सोडू नका. रोहिण्या अरुंद होण्याचा हा आजार हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांतही असू शकतो.

सगळ्यांनी चालायचं नाही, हेही ऐका. रात्री झोपेत पाय दुखतो आणि पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटतं, जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, अशा वेळी चालण्याचा प्रयोग न करता लगेच रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे जा. पाय एकाएकी थंड आणि पांढरा पडला, तर तासांचा हिशेब असतो. चालताना छातीत दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. बधिर झालेल्या पायाला ना पोटरीचं दुखणं नीट कळत, ना खडा टोचलेला.

सभागृहातून बाहेर पडण्याआधी एवढं ठरवा: पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या घरच्या माणसाला विचारा, ‘चालताना थांबावं लागतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर या आठवड्यात त्यांच्या घोट्याचा दाब मोजून घ्या.