गायकाची बाजारपेठ आणि गायकाचे पारपत्र



कलावंत परदेशी गेला की तो पैशामागे गेला, असे आपण सहज म्हणतो. स्वदेशाने त्याला काय नाकारले होते, हे मात्र विचारीत नाही. अमेरिकन गायक पॉल रोबसन यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

रोबसन १८९८ साली जन्मले. वडील गुलामगिरीतून निसटलेले. स्वतः कोलंबिया विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. पण वर्णद्वेषामुळे त्यांनी वकिली सोडली. १९२८ साली ‘शो बोट’ या संगीतिकेसाठी ते लंडनला गेले आणि १९३९ पर्यंत बहुतांशी तेथेच राहिले. लंडनने १९३० साली त्यांना ऑथेल्लोची भूमिका दिली. ब्रॉडवेला त्यासाठी १९४३ उजाडावे लागले.

लंडनमध्ये यश लाभलेच, पण त्याहून मोलाचे म्हणजे वेल्सच्या बेकार खाणकामगारांशी नाते जडले. वर्णाचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नाशी निगडित आहे, ही जाणीव त्या सहवासात दृढ झाली.

या जाणिवेची किंमत त्यांना मायदेशी मोजावी लागली. १९५० साली सरकारने त्यांचे पारपत्र रद्द केले. सभागृहांची दारे मिटली, उत्पन्न कोसळले. आवाज होता, श्रोते होते. सत्तेने बाजारपेठच काढून घेतली. मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा धावून आले ते खाणकामगार. ऑक्टोबर १९५७ मध्ये वेल्समधील पोर्थकॉल येथे जमून त्यांनी अटलांटिकखालच्या दूरध्वनी-तारेवरून रोबसन यांचे गाणे ऐकले. १९५८ साली त्यांचा साठावा वाढदिवस भारतातही साजरा झाला. त्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती चागला होते. त्याच वर्षी न्यायालयाच्या निर्णयाने त्यांचा परदेशप्रवासाचा मार्ग मोकळा झाला.

परंतु समाजवाद्यांनी एक गोष्ट झाकू नये. स्तालिनच्या दडपशाहीविषयी रोबसन यांनी जाहीर मौन पाळले. त्यांचे स्नेही, ज्यू कवी इत्झिक फेफर यांना १९५२ साली मॉस्कोत ठार करण्यात आले. ज्याचे स्वतःचे स्वातंत्र्य हिरावले गेले, त्याने दुसऱ्याच्या तुरुंगाविषयी बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तात्पर्य, कलावंताचे स्वातंत्र्य केवळ धनिकांच्या कृपेवर वा सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्याला संघटित श्रोत्यांचा आधार हवा. म्हणून आपल्या कामगार संघटनांनी गायकाला सभेपूर्वी गर्दी जमविण्यापुरते बोलावू नये. त्याला सभागृह द्यावे, योग्य मानधन द्यावे आणि मतभेदाचा अधिकारही द्यावा.